कामावर झालेली इजा आणि भरपाईचा हक्क

सकाळच्या वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर दोन ओळींची एक बातमी पुष्कळदां आढळते. अमुक औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत पॉवर प्रेसमध्यें हात सांपडून एका कामगाराचीं बोटें तुटलीं. त्यास रुग्णालयांत दाखल करण्यांत आलें आहे. चहाचा पेला हातांत असतांना ती बातमी वाचली जाते, 'बिचारा!' असा उद्गार निघतो आणि पान उलटलें जातें. कोणी अधिक विचारी असला तर म्हणतो, 'मालकानें कांहीं मदत केली असेलच.'

ह्या 'मदत' शब्दांतच सगळी मेख आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. ती थोडी दिली तरी चालते, उशिरां दिली तरी चालते, आणि मुळींच दिली नाहीं तरी देणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाहीं. कामावर असतां झालेल्या इजेची भरपाई ह्या जातीची नव्हे. तें एक देणें आहे; वाण्याच्या वहींतील उधारीइतकेंच तें खरें, आणि त्याचा आंकडा मालकाच्या औदार्यावर नसून कायद्यानें घालून दिलेल्या गणितावर ठरतो. दुर्दैव असें कीं, हें देणें ज्याचें त्यालाच बहुधा ठाऊक नसतें, आणि ज्या सुशिक्षितांनीं त्याला तें समजावून सांगावें, तेही 'मदत' ह्याच शब्दाशीं अडखळून थांबतात.

हा हक्क कांहीं अनादि काळापासून चालत आलेला नाहीं. पूर्वींचा न्याय असा कीं, ज्याचा दोष त्यानें भरून द्यावें. ऐकावयास हा न्याय मोठा सरळ वाटतो. परंतु कारखान्याच्या जगांत तो किती वांकडा ठरला हें इंग्लंडांतील १८३७ सालच्या एका खटल्यावरून दिसतें. एका खाटकाच्या नोकराला मालकाचा माल गाडींतून पोंचवावयाचा होता. गाडींत बेसुमार ओझें भरलें होतें. ती मोडली आणि नोकराची मांडी मोडली. ज्यूरीनें त्याला शंभर पौंड देवविले, पण वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला. ह्या खटल्यापासून मालकाच्या हातीं जणूं एक ढाल आली, आणि पुढें तिला आणखी दोन ढालींची जोड मिळाली. अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीनें झाला असेल तर मालक जबाबदार नाहीं. धोका माहीत असून काम पत्करलें असेल तर तक्रार नाहीं. आणि जखमी माणूस स्वतः थोडा जरी गाफील असेल तरी त्याला कांहीं मिळावयाचें नाहीं. चालत्या यंत्रापाशीं बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाचा दावा ह्या तिहींपैकीं एखाद्या ढालीवर आदळून फुटावयाचाच.

हळूहळू विचार पालटला. यंत्रानें माल निघतो तसे यंत्रानें अपघातही होतात. मग तेलाचा, कोळशाचा, झिजलेल्या पट्ट्यांचा खर्च जसा धंद्यावर पडतो, तसा तुटलेल्या हातांचा खर्चही धंद्यानेंच सोसला पाहिजे, त्यांत दोष कोणाचा हें पाहण्याचें कारण नाहीं, असें नवें तत्त्व पुढें आलें. जर्मनींत १८८४ सालीं आणि इंग्लंडांत १८९७ सालीं ह्या तत्त्वावर कायदे झाले.

महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, १८८४ सालींच मुंबईच्या गिरणगांवांतून हीच मागणी उठली होती. 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरवून, सुमारें साडेपांच हजार सह्यांचा एक अर्ज सिद्ध केला. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांति, पगार वेळेवर मिळणें ह्या मागण्यांच्या जोडीला त्यांत आणखी एक मागणी होती: कामावर असतां जबर इजा झाल्यास बरें होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचें अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. ह्या मागणीला कायद्याचें रूप येण्यास मात्र जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. हिंदुस्थानांतील कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ च्या मार्चमध्यें संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्या वेळीं प्रौढ कामगाराच्या मृत्यूची भरपाई तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, ह्यांपैकीं जें कमी असेल तें, एवढीच होती.

त्यानंतर ह्या कायद्यांत पुष्कळ फेरबदल झाले. २००० सालच्या दुरुस्तीनें, तात्पुरत्या कामावर असलेल्यांना वगळणारी तरतूद निघाली. २००९ सालच्या दुरुस्तीनें 'कामगार' ह्या शब्दाच्या जागीं 'कर्मचारी' हा शब्द आला आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. शेवटीं २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंत हा सारा कायदा सामावून घेण्यांत आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. पूर्वीं ज्याला आयुक्त म्हणत, त्याला आतां सक्षम प्राधिकारी म्हणतात. नांवें व कलमांचे आंकडे बदलले, परंतु १९२३ सालीं जो पाया घातला तोच कायम आहे.

हा पाया तीन प्रश्नांचा आहे. जखमी माणूस कामावर ठेवलेला होता काय? अपघात कामामुळें आणि कामाच्या ओघांत झाला काय? आणि इजेनें त्याची कमावण्याची शक्ति किती घटली? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं भरपाई ठरते. दोष कोणाचा हा प्रश्न ह्यांत नाहीं, हें पुनः पुनः ध्यानांत घेण्यासारखें आहे. 'तुझेंच लक्ष नव्हतें' असें सांगून कामगाराला परत पाठविण्याची जी रीत अजून आढळते, तिला कायद्याचा आधार नाहीं. दमलेल्या माणसाची क्षणभराची बेसावधगिरी हा अपघाताचा भाग आहे, अपराध नव्हे. अपवाद आहेत ते ठळक आहेत. माणूस दारूच्या किंवा मादक पदार्थाच्या अमलाखालीं असणें, सुरक्षिततेसाठीं दिलेला स्पष्ट हुकूम त्यानें जाणूनबुजून मोडणें, किंवा यंत्रावरील संरक्षक जाळी अथवा साधन मुद्दाम काढून टाकणें, आणि इजा थेट त्याचमुळें होणें, असें असेल तर मालकाला सुटतां येतें. परंतु मृत्यु ओढवला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असेल, तर हे अपवादही मालकाच्या उपयोगीं पडत नाहींत.

'कामाच्या ओघांत' म्हणजे नेमकें कोठपर्यंत, ह्यावर मात्र न्यायालयांत पुष्कळ काथ्याकूट झाला आहे. मुंबईच्या बेस्ट उपक्रमांतील एक बसचालक १९५७ च्या जुलैमध्यें दिवसाचें काम आटोपून, आपली बस आगारांत ठेवून, दुसऱ्या बसमधून सांताक्रुझला आपल्या घरीं निघाला. ती बस घोडबंदर रस्त्यावर उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि त्याचा त्यांत अंत झाला. काम संपलें होतें, मग हा अपघात कामाचा कसा, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चालकांना बसमधून विनामूल्य प्रवास करूं देण्यांत उपक्रमाच्या सेवेचीच सोय आहे, म्हणून तो प्रवासही कामाचाच भाग होय, असा निकाल बहुमतानें १९६३ सालीं लागला आणि त्याच्या विधवेस भरपाई मिळाली.

ह्याच प्रश्नाचा दुसरा एक खटला मराठवाड्यांतील आहे, आणि तो मनास चटका लावणारा आहे. एका साखर कारखान्यांतील रात्रीच्या पहारेकऱ्याची पाळी पहाटे तीनला सुरू होत असे. २२ एप्रिल २००३ रोजीं तो मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना सुमारें पांच किलोमीटरांवर असतां अपघातांत ठार झाला. मागें पत्नी, चार मुलें आणि आई. आयुक्तांनीं ३,२६,१४० रुपये आणि त्यावर व्याज देवविलें. परंतु पहारेकरी अद्याप कामावर पोंचलाच नव्हता, ह्या कारणास्तव उच्च न्यायालयानें २०११ सालीं तो हुकूम रद्द केला. कुटुंब सर्वोच्च न्यायालयांत गेलें. घरून कामावर जातांना किंवा कामावरून परततांना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिति ह्यांचा कामाशीं संबंध दिसत असल्यास, कामाच्या ओघांतलाच मानावा, असा निर्णय देऊन त्या न्यायालयानें २९ जुलै २०२५ रोजीं आयुक्तांचा हुकूम पुनः कायम केला. नव्या संहितेंतही आतां हेंच तत्त्व शब्दांत उतरलें आहे. हक्क अखेर सिद्ध झाला, ही समाधानाची गोष्ट. पण मध्यें बावीस वर्षें लोटलीं. ज्या वयांत मुलांना त्या पैशांची गरज होती, तें वय तोंवर कधींच उलटून गेलें होतें.

ह्याच्या उलट बाजूचा धडाही घेण्याजोगा आहे. १९६१ सालीं समुद्रावर असतां एका जहाजावरील खलाशी नाहींसा झाला. त्याचें प्रेतही सांपडलें नाहीं. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या वारसाचा दावा नाकारला, कारण मृत्यु कामामुळें ओढवला असें दाखविणारा कांहींच पुरावा पुढें आला नव्हता. दोष सिद्ध करावा लागत नाहीं हें खरें. पण अपघाताचा कामाशीं असलेला संबंध सिद्ध करावाच लागतो, आणि तें ओझें मागणाऱ्यावर असतें.

आतां गणिताकडे वळलें पाहिजे. हें गणित मराठी चौथी शिकलेल्या मुलासही करतां येईल इतकें सोपें आहे. मृत्यु झाला असल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग, आणि कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असल्यास वेतनाच्या शेंकडा साठ इतका भाग घ्यावयाचा, आणि त्याला वयाप्रमाणें कायद्याच्या परिशिष्टांत दिलेल्या गुणकानें गुणावयाचें. वय जितकें लहान तितका गुणक मोठा, कारण कमावण्याचीं तितकीं अधिक वर्षें बुडालीं. विसाव्या वर्षीं हा गुणक २२४.०० आहे, तिसाव्या वर्षीं २०७.९८, चाळिसाव्या वर्षीं १८४.१७ आणि पन्नासाव्या वर्षीं १५३.०९. वेतन कितीही असलें तरी हिशेबांत एका मर्यादेपर्यंतच धरतात. ही मर्यादा २०१० सालीं ८,००० रुपये होती. जानेवारी २०२० मध्यें ती १५,००० करण्यांत आली. केंद्र सरकार ती वेळोवेळीं बदलूं शकतें, म्हणून अपघाताच्या दिवशीं लागू असलेला आंकडा पाहून घ्यावा.

समजा, तीस वर्षांच्या एका कामगाराचें मासिक वेतन १५,००० रुपये आहे. तो कायमचा पूर्ण निकामी झाला, तर १५,००० चे शेंकडा साठ म्हणजे ९,००० आणि त्याला २०७.९८ नें गुणून १८,७१,८२० रुपये येतात. तो मरण पावला तर ७,५०० ला त्याच आंकड्यानें गुणून १५,५९,८५० रुपये त्याच्या आश्रितांचे होतात. अंशतः अपंगत्व आलें तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा ठराविक हिस्सा मिळतो, आणि तो हिस्सा अवयवागणिक परिशिष्टांत छापलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ति शेंकडा तीसनें घटली असें धरतात. तर्जनी संपूर्ण गेली तर चौदानें, मधलें बोट गेलें तर बारानें, एका हाताचीं चारही बोटें गेलीं तर पन्नासानें. म्हणजे वरील कामगाराचा अंगठा तुटला तर त्याचे ५,६१,५४६ रुपये होतात. अंगठा गमावलेल्या ह्या माणसाला पन्नास हजार रुपये देऊन मालकानें कागदावर सही घेतली, तर त्याला मदत मिळाली असें म्हणावयाचें कीं तो लुबाडला गेला, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

परिशिष्टांतील आंकडा हा शेवटचा शब्द नव्हे. एकाच इजेचा अर्थ निरनिराळ्या धंद्यांत निराळा होतो. ओरिसांतील एका सुतारानें एका चित्रपटगृहाचें नक्षीकाम करतांना १९६८ सालीं पडून डावा हात गमावला. हात कोपरापासून कापावा लागला. हा आपला नोकर नव्हे, किरकोळ कंत्राटदार आहे, असेंही मालकाच्या बाजूनें सांगण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें मालकाचें अपील फेटाळलें. सुतारकाम एका हातानें होत नाहीं. तेव्हां परिशिष्टांत ह्या इजेला कांहींही टक्के लिहिलेले असोत, सुतार म्हणून हा माणूस पूर्ण निकामी झाला, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे. ९,८०० रुपयांची भरपाई, वर निम्मा दंड आणि व्याज, असा तो हुकूम कायम राहिला. ह्याच निकालांत आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली गेली: भरपाई देणें लागतें तें अपघाताच्या दिवसापासून, प्राधिकाऱ्यानें रक्कम ठरविल्याच्या दिवसापासून नव्हे.

इजा तात्पुरती असेल, म्हणजे माणूस कांहीं आठवडे किंवा महिने अंथरुणास खिळला असेल, तर दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चौथा हिस्सा मिळतो, आणि हें देणें जास्तींत जास्त पांच वर्षें चालतें. तीन दिवसांत बऱ्या होणाऱ्या इजेला भरपाई नाहीं. अपघात ह्या शब्दानें सहसा घाव आणि रक्त डोळ्यांपुढें येतें. पण कांहीं रोगही कायद्यानें अपघातासारखेच मानले आहेत. दगडाच्या भुकटीनें होणारा फुफ्फुसांचा सिलिकोसिस आणि सूतगिरणींतील कापसाच्या धुळीनें जडणारा दमा हे त्यांतलेच. हे रोग हळूहळू जडतात, म्हणूनच ते कामामुळें जडले हें विसरणें मालकालाही सोपें जातें आणि रोग्यालाही.

ज्या ठिकाणीं राज्य कामगार विमा योजना लागू आहे तेथील वाट निराळी आहे. प्राध्यापक अडारकर ह्यांच्या १९४४ सालच्या अहवालावरून १९४८ सालीं हा विम्याचा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली आणि १९५४ सालीं ती मुंबईस आली. आतां तीही त्याच संहितेंत समाविष्ट झाली आहे. तींत मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात, आणि अपघात झाल्यास मालकाऐवजीं विमा महामंडळ पैसे देतें. इजा बरी होईपर्यंत वेतनाच्या सुमारें शेंकडा नव्वद इतकी रक्कम मिळते. कायमच्या अपंगत्वांत इजेच्या प्रमाणांत जन्मभर मासिक रक्कम मिळते. विमा असलेल्यास मालकाकडून निराळी भरपाई मागतां येत नाहीं. तेव्हां अपघातानंतर घरच्यांनीं पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, जखमी माणसाचा विमा क्रमांक आहे काय? पगारांतून ती वर्गणी कापली जात असेल तर वाट विम्याच्या दवाखान्याकडे जाते. नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे. कामाला लागून एकच दिवस झाला असला तरी अपघाताच्या ह्या लाभाला बाध येत नाहीं.

अपघात झाल्यावर घरांत जी धांदल उडते तींत कागदपत्रांचें भान कोणास राहतें? परंतु पुढचा सगळा डोलारा त्या पहिल्या दोन-चार दिवसांवरच उभा असतो. पहिली गोष्ट, शक्य तितक्या लवकर मालकास लेखी सूचना द्यावी: अपघात कोणत्या दिवशीं, कोणत्या ठिकाणीं व कशामुळें झाला. सूचनेची एक प्रत आपल्याजवळ ठेवून तिच्यावर पोंच घ्यावी. पोंच न दिल्यास नोंदणी टपालानें पाठवावी. दुसरी गोष्ट, डॉक्टरला इजेचें खरें कारण सांगावें. रुग्णालयाच्या कागदावर 'घरीं पडला' असें लिहविण्याचा आग्रह कोणी धरील. त्या दोन शब्दांनीं सारा हक्क धुऊन निघतो. तिसरी गोष्ट, नोकरीचा पुरावा जपावा. हजेरीची नोंद, पगाराची पावती, बँकेंतील जमेची नोंद, कारखान्याचें ओळखपत्र, ह्यांपैकीं जें हातीं असेल तें. ज्यांना हजेरीपटावर घेतलेलेंच नसतें, त्यांच्या बाबतींत शेजारीं काम करणाऱ्या सोबत्याची साक्ष हाच आधार असतो. चौथी गोष्ट, दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आंत लावावा. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊं शकतो, पण माफीच्या भरंवशावर बसणें शहाणपणाचें नव्हे.

दाव्यासाठीं दूर जावें लागतें असाही एक गैरसमज आहे. जेथें अपघात झाला तेथें, जेथें अर्जदार राहतो तेथें, किंवा जेथें मालकाची कचेरी आहे तेथें, अशा कोणत्याही ठिकाणीं अर्ज करतां येतो. चाकणला नवरा गमावलेली स्त्री माहेरीं लातूरला जाऊन राहिली असेल, तर तिनें लातूरासच अर्ज करावा. वकिलाच्या खर्चाची भीति पुष्कळांना मागें खेंचते. परंतु १९८७ सालच्या विधि सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणें स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे; जिल्हा न्यायालयाच्या आवारांतच ह्या प्राधिकरणाची कचेरी असते.

ह्या वाटेवर खड्डेही आहेत. त्यांतला सर्वांत मोठा खड्डा खाजगी तडजोडीचा. कायद्यानें दिलेला हक्क सोडून देतों, असा करार कामगारानें लिहून दिला तरी तो रद्दबातल समजला जातो. तेव्हां भीतीनें किंवा गरजेनें सही केली म्हणून सर्व संपलें असें नाहीं. मृत्यूच्या बाबतींत तर कायदा अधिक दक्ष आहे. भरपाईची रक्कम मालकानें थेट वारसांच्या हातांत देऊन चालत नाहीं. ती प्राधिकाऱ्याकडे भरावी लागते आणि तो ती आश्रितांत वांटून देतो. थेट दिलेली रक्कम भरपाई म्हणून जमा धरीत नाहींत, फक्त तातडीच्या गरजेसाठीं कांहीं आगाऊ रक्कम देण्यास मुभा आहे. विधवेच्या हातीं आलेले पैसे दिरानें किंवा मुकादमानें लंपास करूं नयेत, असाच हेतु ह्यामागें आहे.

दुसरा खड्डा कंत्राटदाराचा. 'तो आमचा माणूस नव्हे, कंत्राटदाराचा आहे,' हें वाक्य प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर ऐकूं येतें. परंतु ज्याच्या धंद्याचें काम कंत्राटानें करवून घेतलें जात होतें, त्या मुख्य मालकाकडूनच भरपाई मागण्याची मुभा कायद्यानें दिली आहे. पुढें त्यानें ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. कामगारानें दोघांमध्यें चेंडूसारखें टोलवून घेण्याचें कारण नाहीं. तिसरा खड्डा दोन दगडांवर पाय ठेवण्याचा. रस्त्यावरील वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचीही वाट मोकळी असते. पण दोन्हींपैकीं एकच निवडावी लागते. कोणत्या वाटेनें अधिक मिळेल हें जाणत्या वकिलास विचारून मगच पाऊल उचलावें.

दिरंगाईचाही कायद्यानें बंदोबस्त केला आहे. देणें लागू झाल्यापासून एका महिन्यांत मालकानें पैसे भरले पाहिजेत. रकमेविषयीं वाद असेल तर जेवढी त्याला मान्य आहे तेवढी तरी तत्काळ भरावी. न भरल्यास त्यावर व्याज चढतें. जुन्या कायद्यांत तें शेंकडा बारा होतें. आणि विलंबास योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत अधिक रक्कम भरण्याचा हुकूम होऊं शकतो.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, हें सर्व कारखान्यांतल्या लोकांचें झालें. पांढरपेशा घराशीं ह्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दाराशींच आहे. घरची मोटार चालविण्यास पगारी चालक ठेवला असेल, तर त्याच्या इजेची जबाबदारी मोटारधन्यावर येते; मोटारीच्या विम्यांत चालकाची ही जोखीम अंतर्भूत आहे ना, हें विम्याचा कागद काढून एकदां वाचावें. गृहसंस्थेच्या इमारतीला रंग द्यावयाचा असेल, तर चौथ्या मजल्याच्या बाहेर बांबूच्या परातीवर उभें राहून काम करणारा माणूस कोणाच्या विम्यावर उभा आहे, हें ठेका देण्यापूर्वीं कंत्राटदारास विचारावें, विम्याचा कागद पाहावा आणि सुरक्षेचे पट्टे व दोर ह्यांची अट ठेक्यांत घालावी. सर्वांत कमी दराचा ठेका पुष्कळदां ह्याच दोन गोष्टी गाळून स्वस्त झालेला असतो. आणि कामाला येणाऱ्या बाईचा नवरा अथवा मुलगा कोठल्या कारखान्यांत जखमी झाला असें कानांवर आलें, तर हातावर शंभर-दोनशें रुपये ठेवण्याबरोबरच अर्धा तास बसून मालकास द्यावयाची सूचना लिहून द्यावी आणि अंगठ्याच्या गणिताचा आंकडा तिला सांगावा. त्या अर्ध्या तासाचें मोल लाखांत होऊं शकतें.

तुटलेलें बोट कोणताही कायदा परत आणून देत नाहीं, आणि पहाटे कामावर निघालेला पहारेकरी कोणत्याही निकालानें घरीं परतत नाहीं. भरपाईनें होतें तें इतकेंच कीं, मुलांची शाळा सुटत नाहीं, घराचें भाडें तुंबत नाहीं, आणि ज्यानें अवयव गमावला त्याला कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. १८८४ च्या त्या अर्जावर सह्या करणाऱ्या गिरणी कामगारांनीं मागितलें तें एवढेंच होतें. कायद्यानें आतां तें दिलें आहे. तें ज्याचें त्याला पोंचतें कीं नाहीं, हें मात्र पुष्कळसें त्याला वेळेवर सांगणारा कोणी भेटतो कीं नाहीं ह्यावर अवलंबून आहे. सकाळचें वर्तमानपत्र पुढच्या वेळीं ती दोन ओळींची बातमी घेऊन येईल, तेव्हां 'मालकानें कांहीं मदत केली असेलच' ह्या वाक्याऐवजीं 'त्याचा दावा लागला काय?' असा प्रश्न घरांत विचारला जावा.